सालीतली ताकद : बांबूची फ्लाय फिशिंगची काठी कशी घडते

फ्लाय फिशिंगसाठी हाताने घडवलेली बांबूची काठी आडवी कापून पाहिली, तर तिच्या छेदात सहा समभुज त्रिकोण दिसतात. त्यांची टोके मध्यभागी एकत्र आलेली असतात आणि बाहेरच्या सहा कडा मिळून नेटका षटकोन होतो. यातला प्रत्येक त्रिकोण म्हणजे बांबूची एक स्वतंत्र कामटी, आणि त्या त्रिकोणाची बाहेरची बाजू म्हणजे बांबूची साल. काठीत साल सगळीकडे बाहेरच्या अंगाला असते, हा योगायोग नव्हे. बांबूची बहुतेक ताकद सालीलगतच्या दोन-तीन मिलिमीटरांत असते, आणि ही काठी घडवण्याची सगळी रीत तो पातळ थर न दुखावता काठीत उतरवण्यासाठी बसवलेली आहे. एवढे ध्यानात ठेवले, की या कामातली वरवर किचकट वाटणारी प्रत्येक पायरी आपोआप उलगडत जाते.

काठीकडून नेमके काय अपेक्षित असते, ते आधी पाहू. नेहमीच्या गरवण्यात दोरीच्या टोकाला शिसे किंवा आमिष असते. ते फेकले, की त्याच्या वजनाने दोरी मागोमाग ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते ती कृत्रिम माशी, म्हणजे इवल्याशा गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेला किड्याचा आभास. तिला वजन जवळपास नसतेच, त्यामुळे ती एकटी फेकता येत नाही. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. पाच क्रमांकाच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात. ही दोरी काठीने आधी मागे हवेत उडवायची, ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, आणि मग काठी पुढे आणून एकदम थांबवायची. काठी थांबली, की दोरीचा वळसा पुढे उलगडत जातो आणि माशी सर्वांत शेवटी पाण्यावर उतरते. ट्राउट मासा वाहत्या पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपून खातो. माशी धपकन पडली, तर तो बिचकतो आणि निघून जातो.

या साऱ्या हालचालीत काठी स्प्रिंगचे काम करते. दोरीचे वजन तिला वाकवते, आणि ती सरळ होताना साठवलेली ऊर्जा दोरीला परत देते. काठी बुंध्याकडून शेंड्याकडे किती आणि कशी निमुळती होत जाते, यावर ती कुठे वाकेल हे ठरते. शेंडा लवकर बारीक झालेली काठी फक्त टोकाशी वाकते आणि झटक्याने चालते. बुंध्याचा भागही बारीक ठेवला, तर ती मुठीपर्यंत वाकते आणि संथ चालते. कारागीर या निमुळतेपणाची मापे दर पाच इंचांवर नोंदवतो. अशा वीसेक आकड्यांच्या रांगेत त्या काठीचा सगळा स्वभाव सामावलेला असतो.

आता बांबूकडे वळू. बांबू हे गवताच्या कुळातले झाड आहे. कोंब जमिनीतून बाहेर येतो, तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. लाकडासारखी त्याची जाडी दरवर्षी वाढत नाही. पुढची तीनेक वर्षे तो आतून पक्का होत जातो. त्याच्या भिंतीत मऊ गाभ्यामध्ये चिवट तंतूंचे जुडगे उभे रोवलेले असतात. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि सालीकडे इतके दाट होत जातात, की कापलेल्या तोंडावर ती कड गडद ठिपक्यांच्या पट्ट्यासारखी दिसते. सूप किंवा टोपली विणणाऱ्या बुरुडालाही सालीकडची कामटी आणि पोटाकडची कामटी यांतला फरक बोटांनी कळतो. पोटाकडची कामटी वाकवली, की मोडते किंवा वाकलेलीच राहते. सालीकडची परत सरळ होते. अख्खा बांबू पोकळ, जाड आणि गाठीगाठींचा असतो, त्यामुळे त्याची नाजूक शेंड्याची काठी होत नाही. मात्र त्याच्या सालीलगतच्या पट्ट्या काढून त्या साली बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवल्या, तर भरीव, बारीक आणि चहूबाजूंनी चिवट अशी काठी मिळते.

ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधी अशा काठ्या हिकरी, ॲश, लान्सवूड, ग्रीनहार्ट अशा लाकडांच्या असत. चिरलेल्या बांबूची काठी अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय सहसा पेनसिल्वेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपी यांना दिले जाते. ते बंदुका घडवणारे होते आणि व्हायोलिनही बनवत. १८४०च्या दशकात त्यांनी हे प्रयोग केले. पुढे मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लेनर्ड यांनी कामट्या अचूक कोनात तासणारे यंत्र तयार केले आणि सहा कामट्यांची काठी मोठ्या संख्येने बाजारात आणली. त्यांच्या कारखान्यात शिकून बाहेर पडलेल्या एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस यांच्यासारख्या कारागिरांनी पुढे स्वतःची नावे कमावली. इंग्लंडमध्ये ॲनिक येथील हार्डी बंधूंच्या काठ्या प्रसिद्ध झाल्या.

या सुरुवातीच्या काळातला बांबू आपल्याकडून जात असे, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावे असे मला वाटते. अमेरिकेत तो ‘कलकत्ता बांबू’ या नावाने ओळखला जाई, आणि ती जात म्हणजे विदर्भातल्या जंगलांत ज्याला मानवेल म्हणतात तीच मानली जाते. तो चिवट होता, पण त्याच्या सालीवर अनेकदा भाजल्याचे डाग असत आणि त्या जागी तंतू निकामी झालेले असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा दक्षिण चीनमधल्या बांबूने घेतली. व्यापारात त्याला ‘टोंकिन’ म्हणतात, पण तो वाढतो ग्वांगदोंग प्रांतात, स्वी नदीच्या खोऱ्यातल्या एका लहानशा टापूत. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्युअर यांनी १९३१मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा बांबू सरळसोट वाढतो, त्याची पेरे लांब असतात, गाठी फारशा फुगीर नसतात आणि सालीलगतचा दाट तंतूंचा थर जाड असतो. तोडलेले बांबू तिथले लोक नदीकाठी ओल्या वाळूने घासून स्वच्छ करतात, उन्हात वाळवतात आणि विस्तवावर शेकून सरळ करतात. मग बारा फुटांचे तुकडे जगभरच्या कारागिरांकडे रवाना होतात.

कारागिराच्या हाती बांबू आल्यावर पहिले काम असते निवडीचे. किड्याने पोखरलेला, सालीवर खोल ओरखडे असलेला किंवा तंतूंचा थर पातळ असलेला बांबू बाजूला पडतो. वाळताना बांबू वाटेल तिथे तडकू नये म्हणून त्याला एक उभी चीर आधीच दिलेली असते. चांगला वाळल्यावर तो चिरायचा. इथे करवत चालत नाही. करवत रेषेत सरळ जाते, पण बांबूचे तंतू नेहमी सरळ नसतात, त्यामुळे करवतीने ते मध्येच तुटतात आणि तुटलेला तंतू भार पेलत नाही. सुरीने चिरले, की चीर तंतूंच्या वाटेनेच जाते. आधी दोन भाग, मग सहा, मग बारा, असे करत एका तुकड्यातून अठरा ते चोवीस कामट्या निघतात. एक भाग बुंध्याचा आणि दोन शेंडे, अशी दोन तुकड्यांची काठी करायची, तर अठरा कामट्या लागतात. दुसरा शेंडा राखीव असतो.

सर्वांत कटकटीची गोष्ट म्हणजे गाठ. गाठीपाशी तंतू आत-बाहेर वळसे घेतात, बाहेर उंचवटा असतो आणि आतून पडदा. पडदा छिन्नीने काढतात, बाहेरचा उंचवटा कानशीने हलका घासतात, मग ती जागा स्पिरिटच्या दिव्यावर किंवा गरम हवेच्या झोतात तापवतात. ठरावीक उष्णतेला बांबू मऊ होतो. त्या काही सेकंदांत तो शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीत, दाबून सपाट करायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. थोडे कमी तापले, तर तंतू दाबाखाली चिरडतात. थोडे जास्त झाले, तर जळतात. उंचवटा रंध्याने तासून टाकणे कितीतरी सोपे पडले असते, पण मग ताकदीचे तंतूच कापले गेले असते. अशी प्रत्येक कामटीवरची प्रत्येक गाठ हाताळावी लागते, आणि काठीतले कितीतरी तास यातच जातात. त्यानंतर सहा कामट्या शेजारी ठेवताना त्या मागेपुढे सरकवतात, म्हणजे सगळ्यांच्या गाठी एका जागी येत नाहीत. गाठ हा कामटीचा कमकुवत बिंदू असतो. सहा कमकुवत बिंदू एकाच रेषेत आले, तर काठी तिथेच मोडेल.

मग कामट्यांना ढोबळ त्रिकोणी आकार देऊन, सहाच्या जुड्या दोऱ्याने घट्ट बांधून भट्टीत भाजतात. तापमान साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअस असते, आणि वेळ प्रत्येक कारागिराची वेगळी. बांबूत मुरलेली ओल निघून जाते, त्याची पुन्हा ओल शोषण्याची प्रवृत्ती कमी होते आणि तो अधिक कडक, अधिक उसळता होतो. काही जण त्याआधी अख्ख्या बांबूवरून ज्योत फिरवतात. त्याने काठीला तपकिरी रंग येतो.

आता येते या कामाचे हृदय. पोलादाचे दोन लांब दांडे शेजारी बसवलेले असतात आणि त्यांच्या सांध्यावर साठ अंशांची, बुंध्याकडून शेंड्याकडे उथळ होत जाणारी खाच असते. दर पाच इंचांवर स्क्रू असतात. ते पिळून दांड्यांमधले अंतर आणि त्यामुळे खाचेची खोली ठरवायची. ही खोली मोजतात इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरपर्यंत. कामटी खाचेत अशी ठेवायची, की सालीची बाजू खाचेच्या भिंतीला टेकलेली राहील, आणि वर आलेली बाजू रंध्याने तासायची; काही हात मारले, की कामटी उलटून दुसरी बाजू वर घ्यायची. त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी दोनच तासल्या जातात. सालीच्या बाजूवरून शेवटी फक्त काचेसारखा पातळ पापुद्रा खरवडून काढतात. त्याखालच्या तंतूंना रंधा लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. रंध्याचे पाते वारंवार धारेला लावावे लागते, कारण बांबू पोलादाची धार लवकर मारतो, आणि बोथट पाते गाठीपाशी ढलपी उपटते. धार चांगली असेल, तर रंध्यातून इतका पातळ, अखंड फितीसारखा काप निघतो, की त्यातून उजेड आरपार दिसतो. साडेसात फुटांच्या काठीचा शेंडा ११४ सेंटीमीटर लांब असतो, आणि त्यातली प्रत्येक कामटी टोकाशी जेमतेम ०.८५ मिलिमीटर उंचीची उरते. तीही तशीच तासायची असते.

इतक्या सूक्ष्म मापाचा अट्टहास कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. भरीव काठीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. जाडी एक टक्क्याने वाढली, तर ताठपणा चार टक्क्यांनी वाढतो. शेंड्याचे टोक समोरासमोरच्या बाजूंत सुमारे १.७ मिलिमीटर असते. कामट्या प्रत्येकी इंचाच्या एक हजारांशाने जाड राहिल्या, तर समोरासमोरच्या दोन कामट्यांची मिळून चूक ०.०५ मिलिमीटर होते. म्हणजे जाडी तीन टक्क्यांनी वाढली, आणि ताठपणा तब्बल बारा टक्क्यांनी. हीच चूक साडेसात मिलिमीटर जाडीच्या बुंध्यात झाली, तर फरक तीन टक्क्यांच्याही आत राहतो. म्हणून जाणता कारागीर शेंड्यावर दुप्पट वेळ घालवतो.

ही गणिते काठीच्या रचनेत पद्धतशीर आणली ती एव्हरेट गॅरिसन यांनी. १८९३मध्ये जन्मलेले गॅरिसन न्यूयॉर्क परिसरात राहणारे, पेशाने अभियंता. त्यांनी काठीला एका टोकाशी धरलेल्या तुळईसारखे गणले: दोरीचे, बांबूचे, जोडाच्या धातूचे, अगदी वार्निशचेही वजन धरून दर पाच इंचांवर किती वाकवणारा भार येतो ते काढले, आणि तिथल्या तंतूंवर किती ताण येऊ द्यायचा हे ठरवून त्यावरून जाडी काढली. १९७५मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होगी कारमायकल यांनी त्यांची सगळी रीत, आकड्यांसह, १९७७मध्ये पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. तोवर हे ज्ञान बऱ्याच अंशी कारखान्यांच्या भिंतींआड जपले जात होते. त्या प्रकाशनानंतर घरच्या गॅरेजात किंवा तळघरात काठी घडवणाऱ्यांची एक नवी पिढीच उभी राहिली, आणि आज ही कला जिवंत आहे ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ज्ञान मोकळे केल्याने कारागिरीची किंमत उतरत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चिकटवण्याचे काम घाईचे असते. सहाही कामट्या साल खाली करून चिकटपट्टीवर शेजारी मांडायच्या, वर आलेल्या खाचांत गोंद फिरवायचा आणि चटई गुंडाळावी तशा त्या एकत्र गुंडाळायच्या. पूर्वी यासाठी सरस वापरत. ओलाव्याने तो सुटे, म्हणून आता इपॉक्सी आणि तत्सम कृत्रिम गोंद आले आहेत. गुंडाळलेल्या काठीवर एका साध्या यंत्राने ताणलेला दोरा आधी एका दिशेने, मग उलट दिशेने गुंडाळतात. दोरा गुंडाळताना काठीला पीळ बसतो. गोंद घट्ट होण्याआधी सपाट जागेवर लाटून आणि नजरेच्या रेषेत धरून तो पीळ काढावा लागतो. त्या वेळी राहून गेलेला पीळ पुढे जवळजवळ निघत नाही.

नंतरची कामे देखणी असली, तरी थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. दोन भाग जोडणाऱ्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या असतात आणि त्या एकमेकींत इतक्या नेमक्या बसवतात, की सोडवताना आत कोंडलेली हवा ‘फट्’ आवाज करते. मूठ बुचाच्या चकत्या चिकटवून लेथवर उतरवतात. दोरी ज्यातून जाते त्या तारेच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधतात, आणि शेवटी काठी वार्निशच्या उभ्या नळीत बुडवून अगदी सावकाश वर ओढतात. एका काठीमागे साधारणतः चाळीस ते साठ तासांचे काम असते, आणि अमेरिकेत तिची किंमत सहसा हजार डॉलरपासून पुढे कित्येक हजारांपर्यंत जाते.

मग प्रश्न असा, की कार्बन तंतूची हलकी, स्वस्त आणि अधिक लांब फेक करणारी काठी मिळत असताना हे सगळे कोणी का करावे? काचतंतूच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. १९५०मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि बांबूची आवकच थांबली; ही बंदी १९७१पर्यंत टिकली. १९७३च्या सुमारास कार्बनच्या काठ्या बाजारात आल्या, तोवर बांबूच्या बहुतेक कारखान्यांचा धंदा बसला होता. लांब पल्ल्यासाठी, वाऱ्यात, समुद्रात कार्बनच श्रेष्ठ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण लहान नदीत, सात-आठ मीटरवरच्या माशासाठी गोष्ट वेगळी असते. इतक्या जवळ दोरी थोडीच बाहेर असते; तिच्या अल्प वजनाने कार्बनची ताठ काठी धड वाकतही नाही. बांबूच्या काठीला स्वतःचे वजन असते, ते तिला वाकायला मदत करते, त्यामुळे थोड्या दोरीवरही ती आपली लय पकडते. शिवाय माशीजवळचा धागा कधी कधी ०.१२७ मिलिमीटर एवढाच जाड असतो. मासा एकदम पळाला, तर बांबूचा शेंडा तो झटका पोटात घेतो आणि धागा वाचतो. तिची चाल संथ असल्यामुळे दोरी मागे पूर्ण उलगडली की नाही, हे मनगटाला कळते. हा गुण मोजून सांगता येतो, तो केवळ जुन्याच्या ओढीचा भाग नाही.

हाताने रंधलेली काठी यंत्रावर तासलेल्या काठीपेक्षा मुळातच चांगली असते, असे मात्र मी म्हणणार नाही. लेनर्ड आणि पेन यांच्या नावाजलेल्या काठ्यांच्या कामट्याही यंत्रावरच तासल्या गेल्या. हाताच्या कामाचे मोल दुसरीकडे आहे: कोणती कामटी कुठे ठेवायची, कोणती गाठ धोक्याची आहे, हा बांबू अजून थोडा भाजावा का, हे निर्णय बांबूगणिक बदलतात, आणि एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच अठरा कामट्या हाताळत असेल, तर ते निर्णय अधिक चांगले होतात.

कोणाला जुनी काठी विकत घ्यायची असेल, किंवा इंग्रजांच्या काळातली एखादी काठी घरात पडून असेल, तर ती पारखण्याची रीत अवघड नाही. काठी डोळ्यासमोर आडवी धरून सहाही बाजूंनी नजर टाकावी. थोडा बाक असला, तर तो जाणकाराकडून शेकून सरळ करून घेता येतो, पण पीळ असला, तर विचार करावा. कामट्यांच्या सांध्यांवरून नख फिरवावे. काळी रेघ किंवा फट लागली, तर तिथला गोंद सुटलेला असतो. सगळे भाग एकाच लांबीचे आहेत का ते मोजावे, कारण आखूड शेंडा बहुधा टोकाशी मोडलेला असतो, आणि त्याने काठीचा सगळा तोल बदलतो. जोड सोडवताना दोन्ही भाग सरळ रेषेत ओढावेत, पिळू नयेत. पिळल्याने गोंदाचे सांधे सुटतात. पाण्यावरून आल्यावर काठी पुसून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवून मगच ती ठेवण्याच्या नळीत घालावी, आणि दोन शेंडे असतील, तर ते आलटून पालटून वापरावेत, म्हणजे दोघांची झीज सारखी होते.